थारमधले सरडे-साप त्यांच्या जागेवरच बघायचेत, डिसेंबरात जावं का?

रेवाची_आई:
नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी सातवीत आहे आणि तिला सरड्यांचं वेड आहे, म्हणजे कंपाउंडच्या भिंतीवर सरडा मान वरखाली करत बसला की ही अर्धा तास तिथून हलत नाही, हाका मारून मारून घसा दुखतो. या वेळी ख्रिसमसच्या सुट्टीत जैसलमेरला जायचं ठरतंय, २४ ते ३१ डिसेंबर. किल्ला, हवेल्या होतीलच, पण तिचा हट्ट आहे की सांडा (काटेरी शेपटीचा वाळवंटी सरडा) बघायचा, आणि लोंगेवालाच्या नावावरून ज्याचं नाव पडलंय तो बेडकाच्या तोंडाचा सरडा बघायचा. काचेमागे नाही, वाळूतच. फुरसं दिसलं तर तेही हवंय तिला (मला नकोय).

तर प्रश्न असे की नक्की कुठे जायचं, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती दिवस ठेवायचे, आणि बारा वर्षांच्या मुलीला घेऊन जाण्यात धोका किती. अजून एक, एका कॅम्पवाल्याला फोन केला तर तो म्हणाला "मॅडम चिंता मत करो, सांडा हमारे पास रखा हुआ है, बच्ची हाथ में लेके फोटो खिंचवा सकती है." ते ऐकून मला कसंतरीच झालं, पण असंच असतं का सगळीकडे? कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा, तिकिटं अजून काढली नाहीत.

माळरान_मित्र:
ताई, तिकिटं काढली नाहीत हे फार बरं झालं. डिसेंबरअखेर तिकडे रात्री हाडं गोठतात आणि सरपटणारे प्राणी जमिनीखाली असतात. सांडा तर नोव्हेंबरच्या आसपास बिळात शिरतो, आतून मातीचं बूच लावून घेतो आणि फेब्रुवारीपर्यंत वर येत नाही. त्या दिवसांत पक्षी भरपूर दिसतील, नशीब असेल तर माळढोकसुद्धा, पण मुलगी ज्याच्यासाठी निघालीय ते नाही दिसणार. एखादा दिवस दुपारी कडक ऊन पडलं तर एखादा सरडा वर येईल, त्यावर आठवडा घालवू नका.

आणि त्या कॅम्पवर मुळीच राहू नका. सांडा हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी आहे, पकडणं आणि जवळ बाळगणं गुन्हा आहे. वनखात्याला कळवता आलं तर जरूर कळवा.

वाळूवरचे_ठसे:
मी जोधपूरला साडेचार वर्षं नोकरीला होतो, सुट्टी मिळाली की गाडी काढून पोखरण, जैसलमेर, कधी बिकानेरच्या बाजूला. पहिलं वर्षभर मला जवळजवळ काहीच दिसलं नाही आणि त्याचं कारण एकच, मी सारखा चालत होतो. वाळवंटात चालणाऱ्या माणसाला फक्त पळून जाणारी शेपटी दिसते. नंतर एका गुराख्याने, उंटांचा कळप घेऊन आला होता, त्याने मला शब्दशः हात धरून केर नावाच्या एका झुडपामागे बसवलं, बोलू नकोस म्हणाला, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी समोरच्या सपाटीवर एक, मग दोन, मग पाच सांडे बाहेर. मी त्याच जागेवरून सकाळी दोनदा गेलो होतो. जे काही शिकलो ते तिथून पुढे.

आधी डोक्यातून हे काढून टाका की थार म्हणजे सगळी वाळूच. फोटोत टेकड्या दिसतात त्यांना तिकडे धोरे म्हणतात, पण त्यांच्यामधे कडक मुरमाड सपाट्या आहेत, खडकाळ उंच माळ आहे (तिकडे मगरा म्हणतात), सेवण गवताची कुरणं आहेत, आणि प्रत्येक जमिनीवर राहणारे वेगळे. सांडा धोऱ्यावर शोधत बसलात तर जन्मात मिळायचा नाही, त्याला बीळ टिकेल अशी घट्ट जमीन लागते. बीळ ओळखायला सोपं आहे, तोंड अर्धचंद्रासारखं, रुंदी तळहाताएवढी किंवा कमी, बाहेर उकरलेल्या मातीचा ओटा आणि आसपास वाळक्या लेंड्या. आत बीळ वाकडंतिकडं जातं, दोन मीटरहून लांब असू शकतं, आणि एका बिळात एकच जण. तोंड उघडं असेल तर मालक बाहेर आहे किंवा उंबऱ्यापाशीच आहे, बुजवलेलं असेल तर तो आत झोपलाय, तिथे थांबण्यात अर्थ नाही.

मार्च-एप्रिलमधे ऊन चांगलं तापलं की तो वर येतो, सकाळी सातला नाही, नऊ-दहाच्या पुढे. बाहेर आल्या आल्या अंग काळपट असतं, म्हणजे ऊन शोषून घ्यायला, आणि तासाभरात तोच प्राणी वाळूसारखा फिका पिवळसर होतो, हा रंग बदलताना बघणं हेच एक काम आहे, रेवाला सांगा वहीत दर दहा मिनिटांनी रंग लिहून ठेव. मग तो चरायला लागतो. हो, चरायलाच, कारण हा सरड्यांमधला मुख्यतः शाकाहारी, गवत, पानं, केराची फुलं, खाली पडलेल्या शेंगा. शेपटीवर काट्यांची वलयं असतात, शत्रू बिळाशी आला तर शेपूट बाहेर ठेवून आडवी फटकारतो. शत्रू खूप आहेत त्याला, लग्गड ससाणे, गरुड, कोल्हे, रानमांजरं, घोरपडी, अर्ध्या वाळवंटाचं पोट या एका प्राण्यावर भरतं असं म्हटलं तरी चालेल. आभाळात शिकारी पक्षी घिरट्या घालत असेल तर खाली बघा, सांड्यांची वस्ती असण्याची शक्यता चांगली.

अंतर ठेवा. बिळापासून पंधरा-वीस मीटर लांब बसा, आपली सावली बिळाकडे पडणार नाही अशी बाजू घ्या, दुर्बीण हवीच, आठ बाय बेचाळीसची साधी पुरते. गाडीत बसून बघता आलं तर सगळ्यात उत्तम, उभ्या गाडीला ते घाबरत नाहीत, दार उघडलं की सगळे गायब. एकदा आत पळाला की किमान अर्धा तास विसरा.

आता धोरे. त्यासाठी पहाटे उठायला लागेल, सूर्य उगवायच्या आधी टेकडीपाशी हजर. रात्रभर वाळूवर कोण कोण फिरलं ते सगळं लिहिलेलं असतं आणि सूर्य खाली असताना प्रत्येक ठशाला सावली असते म्हणून वाचता येतं. नऊ-दहाला वारा सुटला की पाटी कोरी. शिलाईसारखी बारीक दुहेरी टिपं दिसली की तो भुंगा. चार पायांचे ठसे आणि मधे शेपटीची रेघ, ती सरड्याची. ठशांच्या जोड्या उड्या मारत गेलेल्या, तो जरड, वाळवंटी उंदीर. वाळूच्या वरच्या थराखालून नागमोडी फुगवटा गेलाय आणि एका झुडपाच्या बुंध्याशी संपलाय तर तो वाळूत पोहणारा छोटा सापसुरळीचा भाऊबंद, पायाला फक्त तीन बोटं, अंग गुळगुळीत, दिवसा तो खालीच असतो. आणि एकमेकींना समांतर, तिरप्या, सुट्या सुट्या रेघा, जणू कुणी काठी टेकवत टेकवत आडवं गेलं, ते फुरसं. तिकडे त्याला बांडी म्हणतात. रेघा ताज्या असतील तर त्या ज्या झुडपाकडे जातात तिथे हात घालू नका, नुसतं लांबून बघा. पावसाळ्यात ते झुडपाच्या फांद्यांवरही चढून बसतं हे लक्षात ठेवा, म्हणजे नजर फक्त जमिनीवर नको.

एक छान युक्ती, संध्याकाळी झुडपाभोवतीचा दोन-तीन मीटरचा पट्टा वाळक्या फांदीने झाडून सपाट करून ठेवायचा आणि पहाटे येऊन वाचायचं. मुलांना यात जेवढी मजा येते तेवढी प्रत्यक्ष प्राणी बघण्यातही येत नाही कधी कधी.

लोंगेवालाच्या सरड्याबद्दल. त्याचं वर्णन १९७८ मधे प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शर्मांनी केलं आणि १९९२ मधे कळलं की हा इतका वेगळा आहे की त्याला स्वतंत्र कुळी (जीनस) द्यायला हवी, तेव्हापासून ब्यूफोनिसेप्स हे नाव. जगात फक्त थारमधे, आपल्या बाजूला आणि पलीकडे पाकिस्तानात. बोटाएवढा प्राणी, रंग हुबेहूब वाळूचा. त्याला उघडे, सरकते धोरे लागतात, झाडी नसलेले. धोका वाटला की दोन-चार मीटर पळतो, थबकतो, अंग डावी-उजवीकडे थरथरवतो आणि उभाच्या उभा वाळूत उतरतो, दोन सेकंदांत काही नाही तिथे. म्हणून तो पळताना दिसला तर मागे धावू नका, जिथे बुडाला ती जागा नजरेत पकडून खाली बसा. पंधरा-वीस मिनिटांनी आधी डोळे वर येतात. सगळे जातात त्या सम गावच्या मुख्य टेकड्यांवर उंट आणि जीपांनी वाळू इतकी तुडवलेली असते की तिथे आशा नाही, तिथून लांब, कमी वर्दळीच्या धोऱ्यांवर बघायला लागतं.

आणि वाईट वाटतं ते सांगतोच. उघडे धोरे कमी होतायत. वाळू थांबवायची म्हणून वर्षानुवर्षं इस्रायली बाभूळ लावली, इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं तिथे शेती आली, माणसांसाठी ते मोठंच काम झालं हे मी नाकारत नाही, तिथल्या बायकांनी पाण्यासाठी किती पायपीट केलीय ते ऐकलंय मी. पण धोरा बांधला गेला की या सरड्याला बुडी मारायला जागा राहत नाही, त्याला दुसरीकडे जाताही येत नाही. झाडं लावणं सगळीकडे चांगलंच असतं असं आपल्याला शाळेत शिकवलंय, इथे तसं नाहीये.

राष्ट्रीय मरू उद्यान १९८० चं, ३१६२ चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बाडमेर दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं, आत गावं आहेत, शेतं आहेत. वनखात्याची परवानगी घेऊन सुदासरीच्या बाजूला जाता येतं. सीमेकडच्या भागात मात्र स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय आडवाटेला जाऊ नका आणि अंधारात टॉर्च घेऊन तर अजिबात फिरू नका, तिथे सीमा सुरक्षा दलाचा पहारा असतो आणि त्यांना आपण सरडे शोधतोय हे लांबून कळत नाही. कधी जावं म्हणाल तर मुलीला घेऊन मार्चचा दुसरा पंधरवडा. सापच बघायचे असतील तर पहिल्या पावसानंतर, जुलै ते सप्टेंबर, रात्री, पण ते पुढे कधीतरी.

रेवाची_आई:
ठसे दादा, काय लिहिलंयत! लेकीने दोनदा वाचलं आणि आता घरात पिठाच्या परातीत झुरळ सोडून ठसे बघूया म्हणतेय. डिसेंबर रद्द. तिची परीक्षा मार्चच्या मध्याला संपते, तर २० मार्चनंतरचं बघतोय. आता मुख्य काळजी सापांची. कुणी डॉक्टर असेल इथे तर सांगा.

जीपवाला_प्रवासी:
एवढं बसून राहायची काही गरज नाही हो. आम्ही गेलो होतो तेव्हा ड्रायव्हरला पाचशे रुपये दिले, त्याने गावातला एक पोरगा आणला, त्याने दहा मिनिटांत बीळ उकरून सांडा काढून दिला, मुलांनी हातात घेतला, फोटो काढले, परत सोडून दिला. कुणाचं काय बिघडलं.

वाळूवरचे_ठसे:
दादा, तुम्ही वाईट हेतूने केलं नाहीत हे समजतंय, पण काय बिघडलं ते सांगतो. ते बीळ त्याने कडक जमिनीत नखांनी खोदलेलं असतं, तेच त्याचं घर, थंडीतली रजई, उन्हाळ्यातला एसी, सगळं एकच. वर वाळूचं तापमान दुपारी साठच्या पुढे जातं, आत बऱ्यापैकी थंड असतं. ते उकरून प्राणी उघड्यावर सोडला म्हणजे तो उन्हाने मरेल किंवा संध्याकाळच्या आत ससाण्याच्या पंजात जाईल, शेजारच्या बिळात त्याला कुणी घेत नाही. तुम्ही तिथून निघालात तेव्हा तो जिवंत होता, एवढंच तुम्हाला माहीत.

आणि त्या पोराला उकरायचं कसं ते कुठून आलं? सांड्याचं तेल. देशभर बाजारात, जत्रेत, पुलाखाली, सांधेदुखीला आणि मर्दानगीला म्हणून विकतात, आपल्या महाराष्ट्रातही मी डोळ्यांनी बघितलंय, पुढ्यात जिवंत सांडे ठेवलेले, पळू नयेत म्हणून पाठीचा कणा मोडलेले. त्या तेलात औषधी असं काही नाही, ती साधी चरबी आहे. जोवर प्रवासी उकरायला पाचशे देतायत तोवर गावातल्या पोराला ही शिकार हा धंदाच वाटणार. तेच पाचशे "न उकरता लांबून दाखव" म्हणून द्या, तो दुप्पट खुशीने दाखवेल, मी दिलेत, तो पोरगा पुढच्या वेळी स्वतःहून मला म्हणाला की साहब गाडी यहीं रोको, आगे वो डर जाएंगे.

अजून एक, फोटो टाकताना जागेचं नाव, गावाचं नाव, मोबाईलमधलं लोकेशन काढून टाका. वस्ती कुठे आहे ते शिकाऱ्यांनाही वाचता येतं.

जीपवाला_प्रवासी:
कणा मोडलेले हे माहीत नव्हतं. पुन्हा नाही करणार. धन्यवाद.

सड्यावरचा_डॉक्टर:
मी रत्नागिरी जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, फुरशाशी संबंध रोजचाच. सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या माळावर, दगड उचलला की खाली फुरसं हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, इंग्रजांच्या काळात बक्षीस लावून मारलेल्या फुरशांची संख्या लाखांत जाते, यावरून समजा. पण कोकणातलं फुरसं हातभर असतं, थारमधलं त्याची उपजात, बरंच मोठं, दोन-अडीच फुटांपर्यंत सापडतं. दोघांचा स्वभाव एकच, सहसा पळून जात नाही, वेटोळं करून अंगाचे खवले एकमेकांवर घासतं आणि तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्रर्र आवाज येतो. तो आवाज आला की जागेवर थांबा, कुठून येतोय ते बघा, मग मागे सरा. घाईघाईत उडी मारून दुसऱ्यावर पाय देणारे पेशंट मी बघितलेत.

आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनतं आणि त्यासाठीचं विष मुख्यतः तामिळनाडूतून गोळा होतं. राजस्थानातल्या फुरशावर ते तेवढं चालत नाही, जास्त कुप्या लागतात असा तिकडच्या डॉक्टरांचा अनुभव आहे, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासातही तिकडचं फुरसं आणि सिंधी मण्यार या दोघांवर प्रतिविष कमी पडतं असंच दिसलं. म्हणून तिथे चावणं टाळणं हाच मुख्य इलाज. घोट्याच्या वर जाणारे जाड बूट, जाड पँट, संध्याकाळनंतर प्रत्येक पावलाला टॉर्च, झुडपात किंवा बिळात हात नाही, सरपणाच्या ढिगावर बसायचं नाही.

आणि एक फार महत्त्वाचं, जमिनीवर झोपू नका. तिकडे लोक पीवणा म्हणून एका सापाला घाबरतात, म्हणतात की तो रात्री छातीवर बसून माणसाचा श्वास पिऊन जातो. तो हाच सिंधी मण्यार. चावतो तेव्हा फारसं दुखत नाही, सूज नाही, खूण नीट दिसत नाही, माणूस झोपेतच राहतो आणि विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. लोकांना सकाळी श्वास गेलेला माणूस दिसला, त्यावरून गोष्ट झाली. ताऱ्यांखाली वाळूवर गादी टाकून झोपवणारे कॅम्प असतात, त्यांना खाट मागा आणि मच्छरदाणी खोचून घ्या.

काही झालंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही, अंगठी-बांगडी काढायची, तो हात किंवा पाय हलू न देता सरळ १०८ किंवा जी गाडी हाताशी असेल ती घेऊन जिल्हा रुग्णालय. किती वाजता चावलं ते लिहून ठेवायचं. साप पकडून आणायची काही गरज नाही, फुरशाच्या चाव्यात रक्त गोठायचं थांबतं, काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं की आम्हाला कळतं. हे सगळं वाचून घाबरू नका, बूट आणि टॉर्च एवढं पाळलंत तर मुलीला बिनधास्त न्या.

घोरपड_प्रेमी:
गाईड तुम्हाला "गोयरा" दाखवून पळा पळा म्हणेल, त्याच्या चाव्याने माणूस पाणी मागत नाही वगैरे. ती घोरपडीची पिल्लं असतात, विषारी नाहीत. पिवळे पट्टे असलेली वाळवंटी घोरपड दिसली तर मात्र शांत बसून बघा, ती सांड्यांच्या बिळांवरून एकेक तपासत जाते, आमच्या चौघांच्या समोरून गेली, जीभ बाहेर-आत, बाहेर-आत, आमच्याकडे बघितलंही नाही.

चाळकेवाडी_वारा:
मार्चपर्यंत थांबायचंच आहे तर दुर्बिणीची आणि बसून राहण्याची सवय आधीच करून घ्या, फेब्रुवारीत जवळच्या माळावर दोन-तीन सकाळी. आणि थारहून आल्यावर एप्रिल-मे मधे साताऱ्याला चाळकेवाडीच्या पठारावर या. पवनचक्क्यांच्या खाली दगडादगडावर नर सरडे बसलेले असतात, गळ्याची पिशवी फुलवतात ती निळी, काळी, नारिंगी, बघून विश्वास बसत नाही की हा रंग आपल्या माळावरचा आहे. २०१६ मधे त्यांना वेगळी कुळी मिळाली आणि तिचं शास्त्रीय नावच ठेवलं सरडा, आपला मराठी शब्द! साताऱ्याचा तो सरडा सुपर्बा. रेवाला हे नक्की सांगा. तिथेही दगड उलटेपालटे करायचे नाहीत, गाडीतून बघायचं.

मस्कतची_सुगंधा:
मी ओमानमधे अकरा वर्षं आहे, थार बघितलेलं नाही पण वाळू ओळखते. इथे जो वाळूतला अजगराचा लहान भाऊ आहे, म्हणजे आपल्या मांडुळाचा चुलत म्हणा, त्याचं शास्त्रीय नाव एरिक्स जयकरी. नाव वाचून मी थबकले होते, जयकर? तर हो, डॉक्टर आत्माराम सदाशिव जयकर, भारतीय वैद्यकीय सेवेतले सर्जन, एकोणिसाव्या शतकात बरीच वर्षं मस्कतला होते. दवाखाना सांभाळून मासे, सरडे, साप गोळा करून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवायचे, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी एकेकाला त्यांचं नाव दिलं, इथल्या डोंगरातला एक सरडा, हा साप, एक समुद्रघोडा, अरबी ताहर नावाची रानशेळीसुद्धा. परक्या वाळवंटात आपल्याकडचं आडनाव असं वाळूखाली सापडलं याचा मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येत नाही.

तो साप बघायला मी शरकियाच्या वाळूत चार वेळा गेले. उन्हाळ्यात, रात्री नऊनंतर, कारण दिवसा तो वर येतच नाही. त्याचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, म्हणजे अंग सगळं वाळूत आणि डोळे तेवढे बाहेर, पाली जवळ येण्याची वाट बघत. तिसऱ्या रात्रीपर्यंत फक्त ठसे, सैल पडलेल्या दोरीसारखी गुळगुळीत नागमोड, आणि मधेच ती संपायची, पुढे काही नाही. चौथ्या रात्री ठसा संपला तिथे मी उकिडवी बसले आणि टॉर्च बाजूला, जमिनीलगत तिरपी धरली. वाळूवर मोहरीएवढे दोन ठिपके होते. मी जवळजवळ चाळीस मिनिटं बसले, ना ते हलले ना मी. मग नवरा शिंकला आणि ठिपके आत गेले.

टॉर्च तिरपी धरायची हे थारलाही चालेल बघा, पालींचे डोळे तर लांबूनच चमकतात. कोळ्यांचेही चमकतात पण ते बारीक, हिरवट, हिऱ्याच्या कणीसारखे.

रेवाची_आई:
अपडेट द्यायला आलेय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा. २१ ते २६ मार्च जाऊन आलो. त्या कॅम्पबद्दल वनखात्याच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. आम्ही एका गावात घरगुती राहिलो, खाटा होत्या, मच्छरदाणी मी नाशिकहून नेली होती.

पहिले दोन दिवस जवळजवळ काही नाही. वारा इतका की पहाटेच ठसे पुसलेले, आणि खरं सांगायचं तर मी मनातून चिडले होते की एवढा खर्च करून आलोय. तिसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे राहिलो त्यांचे वडील, सत्तरीचे, सगळे त्यांना बाबोसा म्हणत, ते म्हणाले चलो, आणि आम्हाला मुरमाड सपाटीवर एका खेजडीच्या झाडाखाली बसवलं. दहा वाजून वीस मिनिटांनी पहिला सांडा. रेवाच्या वहीत लिहिलंय: १०.२० डोकं, १०.२८ पूर्ण बाहेर, रंग ओल्या मातीचा, १०.५० पाठ फिकी, ११.०५ चहात दूध जास्त झाल्यासारखा. एकूण सात मोजले. अकराच्या पुढे ससाणा आला आणि सातही एकदम आत, एका सेकंदात, कुणी कुणाला सांगितलं काय माहीत. बाबोसा म्हणाले ते लहान असताना इथे मोजता यायचे नाहीत एवढे होते.

फुरशाच्या रेघा पाचव्या पहाटे दिसल्या, अगदी वर्णनाबरहुकूम, खींपाच्या झुडपापर्यंत गेलेल्या. डॉक्टरसाहेब, आम्ही तिथूनच मागे फिरलो, बूट घातलेले होते.

लोंगेवालाचा सरडा शेवटच्या दिवशी, परतायच्या आधी दोन तास. मी बघितलाच नाही, मला नुसती वाळू हलल्यासारखी वाटली. रेवा ओरडली नाही, काही नाही, बोट दाखवून खाली बसली आणि मला हाताला धरून बसवलं. मी घड्याळ बघत होते, गाडी चुकेल म्हणून. सतरा मिनिटांनी ती कानात म्हणाली, आई, डोळे. मला तरीही दिसेनात. तिने माझं डोकं दोन्ही हातांनी धरून हळूच डावीकडे वळवलं, आणि मग दिसले.

फोटो नाहीये. तिने ठशाचं चित्र काढलंय, ते स्कॅन करून उद्या टाकते.